‘ठाव’ या कादंबरीच्या कामाच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२४

कादंबरीचा भूगोल आज निश्चित केला. जग कल्पित असले तरी त्याची भूमी वायव्य चीनमधल्या तारीम खोऱ्याच्या मापावर बेतलेली असेल: उत्तरेस तिएनशान, दक्षिणेस कुनलुन, पश्चिमेस पामीर आणि या डोंगरांच्या कुशीत तक्लामकानचे तीन लाखांहून अधिक चौरस किलोमीटरचे वाळवंट. या खोऱ्यातले पाणी समुद्राला मिळत नाही. शिखरांवरचे बर्फ वितळून नद्या खाली उतरतात, डोंगराच्या पायथ्याशी मरूद्याने पोसतात आणि पुढे वाळूत जिरून जातात. नदीचे शेपूट जिथवर पोहोचते तिथवर वस्ती. शेपूट मागे सरले की सर्वांत टोकाचे गाव सर्वांत आधी मरते. निया, दंदान-उइलिक, लोउलान ही ओसाड नगरे अशाच टोकांवर वसलेली होती, आणि नियाचे अवशेष तर आजच्या वस्तीपासून सुमारे शंभर किलोमीटर आत वाळूत आहेत.

कादंबरीतला जगबुडीचा प्रसंग यातूनच मिळाला, फक्त तो उलटा आहे. या जगाचा अंत पाणी चढून झालेला नाही, पाणी निघून जाऊन झाला आहे. महायुद्ध, धूमकेतू, रोगराई यांपैकी काहीही मला नको आहे. तीन पिढ्यांत सगळ्या नद्यांची शेपटे मागे सरली. लोक त्या काळाला ‘ओसर’ म्हणतात. असा अंत निवडण्यामागे कथेची गरज आहे. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या शहरात मोडतोड सापडते आणि पुरात गेलेल्या शहरात गाळ सापडतो. पाण्यावाचून सोडलेल्या शहरात मात्र माणसांनी विचार करून मागे ठेवलेल्या वस्तू सापडतात. काय उचलायचे आणि काय ठेवायचे हे तिथे घरातल्या कोणीतरी ठरवलेले असते. नियामध्ये पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन यांना १९०१ साली तुती, जर्दाळू आणि पॉप्लरची वाळलेली झाडे जुन्या बागांच्या रांगांत तशीच उभी दिसली होती, कुंपणेही जागेवर होती. माझे वाचक पहिल्या प्रकरणात अशाच एका बागेतून चालत जातील.

२९ ऑगस्ट २०२४

तांड्याची रचना. जुन्या शहरांत खणून वस्तू काढणाऱ्यांना या जगात ‘उकरे’ म्हणतात. त्यांच्या तांड्यात तीन उकरे, एक सांडणीस्वार, एक पाणाड्या आणि एक ठावनीस असे सहा जण असतील. ठावनिसाविषयी पुढे सविस्तर लिहायचे आहे. आज पाण्याचा हिशेब करणे भाग आहे, कारण तो जुळल्याशिवाय एकही प्रसंग खरा वाटणार नाही.

सहा माणसे, माणशी दिवसाला पाच लिटर, वीस दिवसांची वाट: सहाशे लिटर, म्हणजे सहाशे किलो. एका उंटावर दीड-दोनशे किलो लादता येते असे धरले तर चार उंट केवळ माणसांच्या पाण्यासाठी लागतात आणि त्या चार उंटांचे पाणी या हिशेबात आलेलेच नाही. स्वीडिश प्रवासी स्वेन हेडिन यांनी १८९५च्या एप्रिलमध्ये चार माणसे आणि आठ उंट घेऊन तक्लामकान ओलांडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा टाक्यांत पुरेसे पाणी भरलेले नसल्याचे आत गेल्यावर कळले. दोन माणसे आणि बहुतेक सर्व उंट दगावले. हेडिन सरपटत खोतान नदीच्या कोरड्या पात्रापर्यंत पोहोचले, तिथे एक डबके सापडले आणि मागे पडलेल्या सोबत्यासाठी त्यांनी आपल्या बुटांत भरून पाणी नेले. हा प्रसंग इतका पूर्ण आहे की कादंबरीत त्याची नक्कल करणे मला योग्य वाटत नाही. त्याचा धडा तेवढा घ्यायचा.

त्याचे उत्तर हिवाळ्यात सापडते. स्टाइन यांनी आपली खोदकामे मुद्दाम हिवाळ्यात आखली, कारण त्या थंडीत पाणी गोठते आणि बर्फाच्या लाद्या पोत्यांत भरून उंटांवर वाहता येतात. बर्फ सांडत नाही आणि पखालीसारखा झिरपत नाही. त्यामुळे माझ्या जगात उकऱ्यांचा हंगाम थंडीचा असेल, आणि वाळवंट म्हटले की मनात येणारा तापलेला सूर्य या कादंबरीत जवळजवळ नसेल. रात्री शाई गोठेल, दोन वशिंडांच्या केसाळ उंटांना सांडणीस्वार मोहरीच्या जातीच्या बियांचे तेल पाजील, आणि बर्फाची शेवटची लादी फुटली की खणण्याचे काम जिथे असेल तिथे थांबेल. १९०० साली लोउलानचे अवशेष प्रथम दृष्टीस पडले तेव्हा हेडिन यांनाही पाणी कमी असल्याने मागे फिरावे लागले होते. खोदायला ते पुढच्या वर्षी परत आले. अवशेष माणसाची वाट पाहू शकतो, पाणी पाहत नाही. तांड्यात अंतिम शब्द पाणाड्याचा असेल हे यामुळेच ठरले.

१५ सप्टेंबर २०२४

जादूचा नियम आज लिहून काढला. अद्भुत कादंबरीत हा नियम जितका काटेकोर, तितकी तिच्यातली माणसे मोकळी होतात, अशी माझी धारणा आहे.

नियम असा: ओसरापूर्वीच्या प्रत्येक वस्तूत एक ‘आठव’ असतो. वस्तू हातात घेतल्यावर शेवटच्या माणसाचे शेवटचे काही क्षण दिसतात, त्याच्या हातातले कसब थोडा वेळ आपल्या हातात येते. पण वस्तू ज्या जागी पडली होती ती जागा कोणाला तरी ठाऊक असेपर्यंतच हा आठव टिकतो. कोणत्या घरात, कोणत्या खोलीत, कोणत्या थरात, कशाच्या खाली, कशाशेजारी, हे सारे नोंदले गेले तर आठव राहतो. नुसतीच ओढून काढली तर वस्तू मुकी होते. सोन्याची असली तर तिचे सोने उरते, इतकेच.

ही नोंद ठेवणारा तो ठावनीस. चिटणीस, फडणीस यांच्या पंक्तीत बसणारा हा शब्द मराठी वाचकाला परका वाटणार नाही. कादंबरीची नायिका निरा ही ठावनीस आहे. खणण्याची ताकद तिच्यात नाही आणि पाण्याचा माग तिला काढता येत नाही, पण तिच्या वहीवाचून सगळ्या तांड्याची कमाई मुकी आहे. तिचे आणि उकऱ्यांचे भांडण रोजचे असेल. त्यांना बर्फ वितळण्याआधी आणखी एक खोली उपसायची असते आणि तिला आधीच्या खोलीचा आराखडा पुरा करायचा असतो.

या नियमाचे मूळ एका खऱ्या घटनेत आहे. १९०१च्या जानेवारीत नियाकडे जाताना स्टाइन यांना एका माणसाकडे खरोष्ठी लिपीत लिहिलेल्या दोन लाकडी पाट्या मिळाल्या. त्या मूळ इब्राहीम नावाच्या तरुण गिरणीवाल्याने आणल्या होत्या. तो ओसाड घरात खजिना शोधायला गेला होता. खजिना मिळाला नाही, पाट्या मिळाल्या. काही त्याने वाटेवर फेकून दिल्या, काही मुलांना खेळायला दिल्या. स्टाइन त्यालाच सोबत घेऊन गेले आणि त्याने नेमके घर आणि नेमकी खोली दाखवली. पुढे तिथल्या घरांतून आणि एका उकिरड्यातून शेकडो पाट्या निघाल्या. मुलांनी खेळून मोडलेल्या पाट्या कायमच्या गेल्या. परंतु इब्राहीमच्या लक्षात राहिलेल्या एका खोलीमुळे एका राज्याचा दफ्तरखाना हाती लागला.

उकिरड्यावर स्वतंत्र प्रकरण हवे. शतकानुशतके गाडलेल्या त्या कचऱ्याला खणताना अजूनही उग्र वास येत होता, असे स्टाइन यांनी नोंदवले आहे. माझ्या उकऱ्यांपैकी कोणी उकिरड्याला हात लावत नाही, कारण तिथे विकण्याजोगे काही नसते. निरा मात्र तिथेच बसते.

६ ऑक्टोबर २०२४

वाऱ्याविषयी थोडेसे. तक्लामकानच्या पूर्वेकडील लोप वाळवंटात वारा जमीन खरवडून नेतो. हलकी माती उडून जाते. मणी, नाणी, बाणांची टोके जड असल्याने खाली बसत जातात. यामुळे अश्मयुगातले दगडी पाते आणि चीनच्या हान राजवटीतले नाणे एकाच पृष्ठभागावर शेजारी-शेजारी सापडते. त्यांच्या मधला सगळा काळ वाऱ्याने नेलेला असतो.

ठावनिसाच्या विद्येतला हा सर्वांत अवघड धडा ठरेल. जागेची नोंद बिनचूक असली तरी जागा स्वतःच खोटी साक्ष देऊ शकते. म्हातारा पाणाड्या (निरा त्याला ‘आजा’ म्हणते) तिला शिकवील की घर उंचवट्यावर दिसले तर ते उंचावर बांधले होते असे समजू नये; घराच्या पडलेल्या लाकडांनी आणि राडारोड्याने खालची जमीन झाकून धरली आणि भोवतालची वाऱ्याने नेली, एवढाच त्याचा अर्थ. झाऊच्या मुळांनी धरलेले वाळूचे उंच ढीगही त्याला असेच वाचता येतात.

२० ऑक्टोबर २०२४

आज बनावट अवशेष करणाऱ्या पात्राचा विचार पूर्ण झाला. कादंबरीत त्याला नाव नाही, सगळे त्याला ‘शाईवाला’ म्हणतात. त्याच्यामागे खोतानच्या इस्लाम आखुनची सावली स्पष्ट आहे आणि ती लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

१८९०च्या दशकात काशगरमध्ये ब्रिटिश प्रतिनिधी मॅकार्टनी आणि रशियन वाणिज्यदूत पेत्रोव्स्की हे दोघेही जुनी हस्तलिखिते विकत घेत होते. मागणी आहे आणि माल वाळूत दडलेला आहे, हे पाहून इस्लाम आखुन आणि त्याच्या साथीदारांनी माल घरीच तयार करायला घेतला. सुरुवातीला खऱ्या अक्षरांची नक्कल केली जाई. पण घेणाऱ्यांपैकी कोणालाच वाचता येत नाही हे कळल्यावर नकलेचे कष्टही वाचले आणि मनाला येतील त्या आकृत्या उमटू लागल्या. हाताने लिहिणे पुरेना तेव्हा लाकडी ठसे आले. कागद झाडाच्या चिकाने रंगवला जाई, चुलीवरच्या धुरात टांगला जाई आणि शेवटी त्यावर वाळू चोळली जाई. ही ‘अज्ञात लिपी’तली पुस्तके कोलकात्याला रुडॉल्फ होर्नले यांच्याकडे गेली. त्यांच्यासारख्या जाणत्या विद्वानाने त्यांचा अभ्यास करून १८९९मध्ये अहवाल प्रसिद्ध केला.

माझ्या दृष्टीने खरे महत्त्व उलगड्याला आहे. स्टाइन यांनी दंदान-उइलिकमध्ये स्वतः खणले तेव्हा ब्राह्मी लिपीतली पाने मिळाली, चिनी कागदपत्रे मिळाली, पण त्या अज्ञात लिपीचा एक तुकडाही मिळाला नाही. १९०१च्या एप्रिलमध्ये खोतानात इस्लाम आखुनची उलटतपासणी झाली. त्याने सुरुवातीला साफ नाकारले. ही पुस्तके दुसऱ्यांकडून घेतली, असे तो सांगू लागला. मात्र ती पुस्तके आपण कोणत्या ओसाड गावात, कसा प्रवास करून मिळवली याच्या त्याने पूर्वी सांगितलेल्या रसभरित हकिकती होर्नले यांच्या अहवालात छापल्या गेल्या होत्या. त्याला त्या वाचून दाखवल्या गेल्या आणि तो कबूल झाला. लिपी, कागद आणि शाई यांनी विद्वान फसले. सापडल्याच्या जागेने फसवणारा सापडला. कादंबरीचा मधला भाग याच तत्त्वावर उभा राहील.

शाईवाल्याला खलनायक करायचे नाही. त्याच्याकडे एक दुर्मीळ कसब आहे आणि ओसरानंतर जन्मलेला असल्यामुळे जुन्या जगाचा एकही आठव त्याच्या वाट्याला आलेला नाही. तो निराला विचारतो, “तुमच्या वहीत ज्याची नोंद नाही, त्याने आपला भूतकाळ कुठून आणायचा?” या प्रश्नाला निराकडे उत्तर नसावे, निदान या खंडात तरी.

१० नोव्हेंबर २०२४

घातक अवशेषाचे प्रकरण. लिहायला जड गेले, तरी ते वगळता येणार नाही. लोप नोरचा जुना सरोवरतळ आज कोरडा आहे, आणि त्याच प्रदेशात १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने आपली पहिली अणुचाचणी केली. ओसाड नगरे, हरवलेले सरोवर आणि चाचणीस्थळ इतक्या जवळ असलेल्या भूमीवरून कल्पित जग रचताना हा थर गाळणे म्हणजे निराच्याच धर्माविरुद्ध जाणे होईल.

या प्रकरणाचा आधार मात्र मी ब्राझीलमधून घेतला आहे. गोयानिया शहरात सप्टेंबर १९८७मध्ये दोन भंगार वेचणाऱ्यांनी ओसाड पडलेल्या किरणोपचार केंद्रातून एका यंत्राचा जड भाग काढला आणि भंगारवाल्याला विकला. आतल्या कुपीत सीझियम-१३७ होते. अंधारात त्यातून निळसर प्रकाश येई. लोकांना ती चमक मौल्यवान वाटली, कण वाटले गेले, अंगाला चोळले गेले, घरात ठेवले गेले. चार माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. २४९ जणांना किरणोत्सर्गी पदार्थाची बाधा झाल्याचे आढळले आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. आपल्या घरातली माणसे या वस्तूमुळेच आजारी पडत आहेत हे ओळखले भंगारवाल्याच्या बायकोने. तिने ती वस्तू पिशवीतून आरोग्य खात्याच्या कार्यालयात पोहोचवली. ती स्वतः वाचली नाही.

यात कोणी मूर्ख नव्हते. एका सुंदर आणि अनोळखी वस्तूवर लिहिलेला इशारा वाचू शकेल असे कोणी तिच्याजवळ नव्हते, इतकेच घडले. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये मिठाच्या थरांत अणुकचरा पुरला जातो आणि तिथल्या इशाऱ्याच्या खुणा दहा हजार वर्षांनंतरच्या माणसाला कळाव्यात या हेतूने दगडी स्तंभ, मातीचे बांध आणि अनेक भाषांतले लेख अशी आखणी करण्यात आली आहे. नियाच्या खरोष्ठी पाट्या साधारण सतराशे वर्षांच्या आहेत आणि त्या वाचायला विद्वानांची पिढी खर्ची पडली, हे मनात ठेवून त्या आखणीकडे पाहिले की काळजी वाटते.

कादंबरीत निळ्या प्रकाशाची कुपी सापडेल तेव्हा तिचा आठव कोणालाच दिसणार नाही. तिला शेवटचा माणूस नाही, कारण ती कोणी हातात धरण्यासाठी केलेलीच नव्हती. त्या रिकामेपणावरून निरा धोका ओळखते. तोवर एका उकऱ्याने ती छातीशी बांधून दोन रात्री काढलेल्या असतील. त्याचे मरण मी पूर्ण लिहिणार आहे. वाचकाला मान फिरवायची सोय ठेवणार नाही.

१ डिसेंबर २०२४

अवशेष कोणाचे, हा प्रश्न आता टाळता येत नाही. चीनमधल्या दुनहुआंगजवळच्या गुहांत भिंतीआड बंद केलेली एक लहान खोली १९००च्या सुमारास वांग युआनलू या ताओपंथीय रखवालदाराला सापडली. तिच्यात हजारो हस्तलिखिते होती. १९०७मध्ये स्टाइन यांनी आणि १९०८मध्ये फ्रेंच अभ्यासक पॉल पेलिओ यांनी त्यांतली फार मोठी संख्या थोड्या पैशांत मिळवून नेली. गठ्ठे मुळात कोणत्या क्रमाने रचलेले होते, कशावर काय होते, याची पुरेशी नोंद कोणीच केली नाही आणि वांगने आधीच बरेच हलवले होते. ही खोली अकराव्या शतकाच्या सुरुवातीला का बंद केली गेली याविषयी आजही वाद चालतो, याचे एक मोठे कारण हेच आहे. लेख वाचले, छापले, जपले गेले. खोलीचा आठव मात्र गेला. चिनी अभ्यासक या व्यवहाराला लूट म्हणतात आणि त्यांचे म्हणणे मला पटते. त्याच वेळी, मोजमाप आणि टिपणे यांबाबत स्टाइन त्यांच्या काळातल्या इतर अनेकांपेक्षा काटेकोर होते हेही खरे आहे. ही दोन्ही सत्ये एका पात्रात आणायची आहेत.

ते पात्र म्हणजे संग्रहनगराचा अधिपती. तो ठावनिसांना उत्तम पगार देतो, त्यांच्या वह्या जपतो आणि सगळी ओसाड नगरे भिंतींसकट आपल्या दालनांत आणून ठेवतो. बेझेक्लिकच्या गुहांतली भित्तिचित्रे करवतीने कापून बर्लिनला नेली गेली होती. मोठी चित्रे संग्रहालयाच्या भिंतींत पक्की बसवल्यामुळे दुसऱ्या महायुद्धात हलवता आली नाहीत आणि बाँबहल्ल्यांत नष्ट झाली. संग्रहनगराचा शेवट यावरून सुचला. स्टाइन यांच्या संग्रहाचा मोठा भाग नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, म्हणजे या प्रश्नाबाबत आपणही दूरचे प्रेक्षक नाही. मराठी वाचकाला हे पान वाचताना ती जाणीव व्हावी अशी माझी इच्छा आहे, पण कादंबरीत दिल्लीचे नाव येणार नाही.

२२ डिसेंबर २०२४

ओसरापूर्वीच्या राज्याचे कायदे रचत आहे. नियाच्या पाट्यांत वायव्येकडची प्राकृत भाषा आहे आणि विषय अगदी घरगुती आहेत: चोरीला गेलेली जनावरे, पळून गेलेले दास, जमिनीचे आणि पाण्याचे तंटे. एका पाटीत झाडांचा दंड सांगितला आहे: जिवंत झाड मुळापासून तोडले तर घोडा द्यावा, फांदी तोडली तर गाय. हा कायदा कादंबरीत जवळजवळ जसाच्या तसा घेतला. एका झाडाची किंमत एक घोडा मानणारे राज्य पाणी जाताना पाहत होते, हे त्या एका ओळीवरून कळते.

लिफाफ्याची पद्धतही घेतली. पाचरीच्या आकाराच्या दोन पाट्या एकावर एक, आतल्या बाजूस मजकूर, खाचांतून गुंडाळलेली दोरी आणि तिच्या गाठीवर मातीची मुद्रा. नियाच्या काही मुद्रांवर ग्रीक देवी अथेनाची आकृती आहे. कोकणातल्या पावसात लाकूड, दोरी आणि कच्ची माती यांतले काहीच चार पिढ्या टिकले नसते. कोरड्या वाळूने दोरीची गाठसुद्धा राखली. निराला अशीच एक न उघडलेली पाटी मिळते आणि ती उघडायची की नाही यावर तांडा फुटतो.

१२ जानेवारी २०२५

शेवटच्या प्रकरणाचा आराखडा ठरला. मूळ योजनेत निरा सगळी नगरी पुन्हा वाळूखाली गाडते, असे होते. मिरान या अशाच एका ओसाड नगरातल्या भित्तिचित्रांचा इतिहास पाहून त्यात भर घातली आहे. स्टाइन यांनी १९०७मध्ये तिथली नेता न येणारी चित्रे पुन्हा वाळूने झाकून ठेवली होती. १९१४मध्ये परत आल्यावर त्यांना आढळले की मधल्या काळात दुसऱ्या कोणी ती काढण्याचा अनाठायी प्रयत्न केला होता आणि त्यांतल्या काही चित्रांचा नाश झाला होता. गाडून ठेवणे हे रक्षण खरे, पण जागेची माहिती अयोग्य हाती पडली की तीच वाट दाखवते. निराच्या वहीमुळे आठव टिकतो आणि त्याच वहीमुळे पुढचा लुटारूही येतो. या पेचातून कादंबरीने सोपी सुटका देऊ नये.

त्यामुळे वही तीन भागांत वाटली जाईल. घरांचा आराखडा निराकडे राहील, थरांची नोंद शाईवाल्याकडे जाईल आणि वाटेवरच्या पाण्याच्या जागा आजाच्या तोंडी राहतील, कुठेही न लिहिता. तिघे एकत्र आल्याशिवाय त्या नगरीत कोणालाही पोहोचता येणार नाही. बनावट कागद करणाऱ्याच्या हाती खरी नोंद सोपवण्याचा निर्णय निराने का घेतला, हे तिच्या तोंडून वदवायचे नाही. उकिरड्याच्या प्रकरणात तो तिच्या शेजारी बसून तुटक्या पाट्या जुळवतो, तिथेच त्याची तयारी व्हायला हवी. ते प्रकरण या दृष्टीने पुन्हा लिहायला घेतो. त्यानंतर नकाशाकडे वळायचे आहे: नद्यांची ओसरापूर्वीची आणि नंतरची पात्रे एकाच पानावर दाखवायची, आणि आजाला ठाऊक असलेला एकही पाणवठा त्यावर काढायचा नाही.